गणेशपट्टीवर तोललेली भिंत

जोतिबा सुतारानं लॉजचा मोठा दरवाजा ओढला, तो जागचा हलला नाही.

चांदोलीच्या जंगलाला लागून, वारणेच्या पाण्यावर, सुभेदार उदयसिंहांनी अख्ख्या ओंडक्यांचं लॉज उभं करायला घेतलं होतं. फौजेत असताना हिमाचलात तसली घरं त्यांनी पाहिलेली. इथं त्याच्या दुप्पट हवं होतं. सिल्व्हर ओकचे ओंडके आडवे एकावर एक रचून सोळा फुटी भिंती, वर कौलं. मुख्य मिस्त्री शिराळ्याचा जोतिबा. शुक्रवारी वास्तुशांत आणि आतल्या दिवाणखान्यात कीर्तन. दोनशे माणसं त्या छपराखाली बसणार होती, आणि आज बुधवार होता.

त्यानं मापं घेतली. सहा महिन्यांत ओंडके सुकून बारीक झाले होते, कोपऱ्यात भिंत तीन बोटं खाली बसली होती. दारापाशी मात्र चौकटीनं तिला खालून धरून ठेवलं होतं. आढ्याचं टोक नेमकं त्या दारावर टेकलेलं. सगळा भार गणेशपट्टीवर, चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर, आला होता. बाजूच्या दोन ओंडक्यांच्या फटीत त्याचा अंगठा सहज शिरला.

चूक कुणाची ते त्याला ठाऊक होतं. नकाशा काढणाऱ्या संयोगिताबाईंनी पुण्याहून येऊन दोनदा बजावलं होतं, आधी भिंत चढवा, दार मागाहून कापा, चौकटीच्या डोक्यावर चार बोटं जागा सोडा. जोतिबा हसला होता. चौकट उभी केल्याबिगर घर चढतं का कुठं? उदयसिंहांच्या आईनं, मनुबाईंनी, चौकटीला हळदकुंकू लावलं, खण वाहिला, आणि मगच भिंत तिच्या अंगाअंगानं चढली होती.

आता जॅक लावून भिंत तोलायची, पट्टीचे भिंतीत शिरलेले दोन्ही कान कापायचे, चौकट काढायची आणि भिंत सावकाश उतरवायची, एवढाच मार्ग होता. पण पुजलेल्या चौकटीला करवत लावायची कशी? त्यापेक्षा फटीत भुसा अन् डिंक भरला, दार रंधून सैल केलं, तर शुक्रवार निभावला असता. त्यानं भुशाची पाटी जवळ ओढलीसुद्धा. मग डोळ्यांपुढं कीर्तन आलं. बुवा रंगात येणार, टाळ चढणार, माणसं उठून नाचणार, शेकडो पावलं एका ठेक्यात पडणार. तो पाटी तिथंच टाकून उठला.

उदयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं.

"मिस्त्री, पुण्याच्या बाईंनी सांगितलं हुतं न्हवं?"

"सांगितलं हुतं साहेब. माझीच अक्कल आडवी आली."

उदयसिंह आईकडं बघायला लागले. मनुबाईंनी पट्टीवरच्या गणपतीवरनं हात फिरवला.

"दर साली गणपती आणतोय, अन् अक्षता टाकून पाण्यात पोचवतोय," त्या लेकाला म्हणाल्या. "त्यो कवा रुसलाय व्हय रं? जा, तांदूळ आण."

अक्षता वाहून, हात जोडून त्यांनी देवाला जागेवरनं हलवला. आता उरलं ते लाकूड, काप, असं जोतिबाला म्हणाल्या.

जोतिबानं ट्रकचे दोन जॅक लावले, गड्यांना बाहेर काढलं आणि एकटाच करवत घेऊन आत राहिला. दुसरा कान सुटला तशी चौकट त्याच्या खांद्यावर आली. ती बाजूला ठेवून तो जॅकची मूठ सैल करू लागला. एक आटा, दोन आटे. भिंत करकरली, बोटभर उतरली आणि अडली. आणखी एक आटा, आणि वरनं धूळ गळत सगळे ओंडके एकमेकांवर जडपणानं बसले. फट मिटली.

उदयसिंह पुढं झाले, तर जोतिबानं हातानं थोपवलं. त्यानं भिंतीला कान लावला. आत लाकूड अजून बारीक बारीक कुरकुरत होतं.

"आक्का," तो मनुबाईंना म्हणाला, "शुक्रवारचं कीर्तन भाईर मांडवात घ्या. ही बसली, पर म्या अजून हिच्यावर इस्वास टाकत न्हाई."

मनुबाईंनी मान हलवली. उदयसिंहांनी मांडववाल्याला फोन लावला.