उसनं पीठ

चर्चच्या पायऱ्यांवरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं, आणि तेही नेमकं आमच्या घरी मरियमचं जेवण असायच्या महिन्यात. आमच्या गल्लीतल्या बायकांचं एक मंडळ आहे. दर महिन्याला मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, दिवशी एकीच्या घरी सगळ्या जमतात, जेवतात, कॉफी पितात. आपली पाळी चुकवायची नसते. बाळंतिणींनीसुद्धा चुकवलेली नाही.

यंदा इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेल्या पिठाची परातीएवढी धिरडी, विकत आणू, असं मी म्हटलं. माझा नवरा गिझाव देस्से ते राजधानी अदिस बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तो बूट काढता काढता म्हणाला, "विकतचा कशाला? मी घालतो."

आमच्याकडे पुरुषमाणूस चुलीवरच्या तव्यापाशी फिरकत नाही. शेजारच्या मंतेग्बोशने कुंपणापलीकडून हे ऐकलं आणि तिला राहवलं नाही. "गिझावदादा, वळणावर ब्रेक मारायला विसरू नका हं."

"भरलेली गाडी घाटातून उतरवलीये मी, मंतेग्बोश," तो म्हणाला. "पीठ निदान ओरडत तरी नाही."

मग मी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसायची आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे करायचा. टेफचं, म्हणजे आमच्याकडच्या खसखशीएवढ्या बारीक धान्याचं, पीठ भिजवणं, ते आंबू देणं, वर आलेलं पिवळं पाणी ओतून टाकणं, थोडं पीठ शिजवून परत त्यात मिसळणं. तव्याला मोहरीची पूड लावून फडक्याने पुसायचं, आणि पिठाची धार कडेकडून गोल गोल फिरवत मध्यावर आणायची. त्याचा पहिला इंजेरा नकाशासारखा झाला, एका बाजूने फाटलेला. तो आमच्या बोक्याने, नेब्रोने, खाल्ला. दुसऱ्यालाही तोच गिऱ्हाईक. पण आठवडा संपायच्या आत गिझावची धार अशी फिरायला लागली की मी सांगायची थांबले. स्टिअरिंग धरलेले हात ते, गोल फिरवणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

नेब्रो मात्र सगळा वेळ तिथेच. झाकण दिसलं की त्याखाली काय आहे ते त्याला बघायचंच असतं. तव्यावरचं झाकण उचललं की वाफेत नाक घालायचा, शिंकायचा, आणि परत तिथेच येऊन बसायचा.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी मोठ्या मडक्यातलं पीठ छान फुगलं होतं. गिझावने झाकण काढलं आणि तो लाकडं आणायला परसात गेला. मी कांदे एका हाताने सोलत होते. वर बघते तर नेब्रो मडक्याच्या काठावर. पिठावर बुडबुडा आला की तो पंजाने फोडायचा. एक फोडला, दुसरा फोडला, तिसरा जरा लांब होता. तो पोटापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला तपकिरी विजार चढली होती, आणि ती विजार घालूनच तो आमच्या पलंगावर गेला.

गिझाव लाकडं घेऊन दारात उभा राहिला. मडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्याने सगळं पीठ मागच्या घरच्या गाईला नेऊन घातलं. नवीन पीठ आंबायला तीन दिवस लागतात. आमच्याकडे एक होता.

"आता दुकान," तो म्हणाला.

"दुकान नाही," मी म्हटलं. "गल्लीत प्रत्येकीकडे आंबलेलं पीठ झाकून ठेवलेलं असणार. मागून आण."

या माणसाने जन्मात कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग किटली, दोन डबे, तेलाचा एक कॅन आणि घरातली होती नव्हती ती भांडी घेऊन तो निघाला. प्रत्येक दारात त्याने खरं तेच सांगितलं, की बोका पिठात पडला. मंतेग्बोश हसून हसून उंबऱ्यात बसली, पण तिने किटली काठोकाठ भरून दिली. एकही भांडं रिकामं परत आलं नाही. पिठं एकत्र करू नकोस, एवढं मी बजावलं होतं, कारण प्रत्येकीचा आंबटपणा वेगळा.

दुसऱ्या दिवशी त्याने पहाटेपासून तवा सोडला नाही. इंजेऱ्यांवर सुरेख जाळी पडत होती. टोपलीत ढीग रचला गेला, पांढरा, तांबूस, मातकट.

बायका जेवायला बसल्या आणि पहिल्या घासापासून ओळखाओळख सुरू झाली. हा माझा, तो तुझा. मग कुणीतरी एक पांढराशुभ्र इंजेरा उचलला. तो कडेला तडकला होता. निव्वळ टेफ तडकत नाही, तांदूळ मिसळला की गार झाल्यावर तडकतो. ते पीठ अत्सेदेचं होतं, आणि आपल्या घरी निव्वळ पांढऱ्या टेफशिवाय काही शिजत नाही हे अत्सेदे वर्षानुवर्षं सांगत आली होती.

अत्सेदे ताटाकडे बघत राहिली. गिझाव कोपऱ्यात मसुरीची कढई घेऊन उभा होता. तोच म्हणाला, "सगळ्यात सोपं पीठ अत्सेदेचं. तव्याला चिकटलंच नाही."

तेव्हा म्हाताऱ्या ब्रिकनेशने घास गिळला. "टेफचे भाव बघता का तुम्ही? मी तर ज्वारी घालते, आणि ती निम्मी."

"मी मका," मंतेग्बोश म्हणाली. "नवऱ्याला अजून पत्ता नाही."

मग एकेकीने आपापलं सांगितलं. अत्सेदे शेवटी हसली आणि तिने ब्रिकनेशच्या तोंडात स्वतःच्या हाताने, आमच्या रीतीप्रमाणे, एक मोठा घास भरवला. तांदूळ किती घालायचा हे कॉफी होईपर्यंत तीच सगळ्यांना समजावत होती.

माझं प्लास्टर निघालं तेव्हा मी तव्यापाशी बसले. धार अर्ध्यावर थरथरली, मनगट पूर्वीसारखं वळेना. गिझाव म्हणाला, "सरक." मी सरकले, पण उठले नाही. आता धार तो सोडतो आणि झाकण मी उचलते. कधी उचलायचं ते त्याला अजून कळत नाही.