विहीर ओढायला कोणता टायर

विहीर उपटून दुसऱ्या गावी न्यायची असेल, तर सुरुवात टायरपासून करावी लागते. पुष्कळ लोक सुरुवात विहिरीपासून करतात आणि अडकतात. क्लेमेंटने ती चूक केली नाही. त्याने दुसरी केली.

क्लेमेंट आमचा निर्मळचा शेजारी. त्याची केळीची वाडी आणि माझी फुलांची, मध्ये एक कुंपण, तेही नावापुरतं. त्याच्या मुलीचं, जीनाचं लग्न ठरलं आणि घरात पाण्याचा प्रश्न उभा राहिला. पिण्याच्या नव्हे, आंघोळीच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या डोक्यावर घरच्या विहिरीचं पाणी पडायला हवं, तेही वाजतगाजत काढलेलं, आणि चर्चची सहाची घंटा व्हायच्या आत. त्यांच्या घराण्यात हे पहिलं पाणी थोरली आत्या ओतते. थोरली आत्या म्हणजे क्लेमेंटची मोठी बहीण, मर्सीबाय. शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

क्लेमेंटच्या विहिरीचं पाणी चार वर्षांपूर्वी मचूळ झालं होतं. मर्सीबायने ओंजळभर तोंडात घेतलं आणि तुळशीच्या बाजूला थुंकली. तुळस माझी होती.

"हे पाणी मी माझ्या भाचीच्या डोक्यावर ओतणार नाही," ती म्हणाली.

"टँकर मागवतो," क्लेमेंट म्हणाला.

"टँकर? आपण काय बिल्डिंगवाले आहोत? घरच्या विहिरीचं पाणी नसेल तर मी तांब्याला हात लावणार नाही. आणि मी हात लावला नाही तर बघते ही पोरगी कशी उभी राहते वेदीसमोर."

जीना दारात उभी होती. तिचा चेहरा बघवेना. आत्याचा शब्द घरात कुणी मोडला नव्हता, आणि तो मोडणारी पहिली होण्याची तिची तयारी नव्हती.

क्लेमेंट म्हणाला, "चांदीपला मी शेत घेतलंय, तिथे विहीर आहे. गोड पाणी. नारळपाण्यासारखं."

"ती शेताची विहीर. मी घरची म्हटलं. आवारात असेल ती घरची."

क्लेमेंट थोडा वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "बरं. आवारात आणतो."

आता तुम्ही म्हणाल, विहीर कशी आणणार? सोपं आहे. चांदीपची ती विहीर सिमेंटच्या रिंगांची. आठ रिंगा, एकावर एक. आमच्या जुन्या दगडी विहिरीसारखी ती जमिनीत मुरलेली नव्हती, नुसती खोचून ठेवलेली होती. क्रेन लावली की मुळा उपटावा तशी उपटून येणार. प्रश्न ओढण्याचा होता. क्लेमेंटकडे पिकअप होता, ट्रेलर भाड्याने मिळत होता. ट्रेलरच्या चाकांची काळजी ट्रेलरवाल्याची. पिकअपचे मागचे टायर मात्र केळी वाहून वाहून माझ्या डोक्यासारखे गुळगुळीत झाले होते.

म्हणून शुक्रवारी सकाळी क्लेमेंट, मर्सीबाय आणि मी फुलपाड्याला केयूरच्या दुकानात गेलो. केयूर माझ्या लांबच्या नात्यातला. त्याचे टायर अख्ख्या विरारमध्ये धावतात.

"बोला दयाकाका. काय टो करायचंय?"

"विहीर," मी म्हणालो.

"बोअरवेलचं मशीन?"

"विहीर रे. रिंगांची. पाण्यासकट."

केयूरने कानामागची पेन्सिल काढली. "कितीच्या रिंगा?"

अशा माणसाचा धंदा चालतो. उगाच कपाळाला आठ्या नाहीत.

त्याने भिंतीवर टेकवलेल्या एका टायरवर बोट ठेवलं. "हा आकडा बघा. सत्त्याण्णव. म्हणजे हा एकटा टायर सातशे तीस किलो उचलणार. तुमच्या गाडीला आत्ता हाच आहे. हा एकशे चार, नऊशे किलो. हा एकशे बारा, अकराशे वीस. आकडा थोडा वाढतो, वजन भसाभस वाढतं. आणि एक लक्षात ठेवा, वजन रबर नाही उचलत, आतली हवा उचलते. हवा कमी असली तर आकडा नुसता शोभेला."

"विहिरीचं वजन किती धरायचं?" क्लेमेंटने विचारलं. "खरं बघितलं तर विहीर म्हणजे खड्डा. खड्ड्याला वजन कुठलं?"

"खड्डा शून्य धरला," केयूरने लिहिलं. "रिंगा साडेतीन टन. पाणी किती?"

"अर्ध्यापर्यंत."

"दोन टन. उपसून घ्या ना, हलकी होईल."

"उपसलेली विहीर म्हणजे टाकी," मर्सीबाय म्हणाली. "पाणी जिवंत राहिलं पाहिजे."

"पाणी राहिलं. अजून आत काय?"

"एक कासव आहे," क्लेमेंट म्हणाला.

"दीड किलो धरतो. ट्रेलर एक टन. झाले साडेसहा. घाबरू नका, हे सगळं तुमच्या टायरवर नाही येत. ओढायचं वजन वेगळं आणि अंगावर पडायचं वेगळं. हुकावर समजा दहावा हिस्सा, साडेसहाशे. मागच्या चाकांवर गाडीचं स्वतःचं नऊशे. मिळून साडेपंधराशे, एका टायरला पावणेआठशे. सत्त्याण्णव गेला. एकशे चार आरामात चालेल." मग त्याने पेन्सिल थांबवली. "मागे हौद्यात काही असणार? माणसं वगैरे?"

"पाहुणे असतील," क्लेमेंट म्हणाला. "पाणी आणायचं म्हणजे बायका हव्यात, बँड हवा."

"किती वजन होईल पाहुण्यांचं?"

पंक्चर काढणाऱ्याने हात थांबवला.

"काय म्हणालास?" मर्सीबायने विचारलं.

"मावशी, वजन. पाहुण्यांचं. धरायला लागेल ना."

"पाहुण्यांचं वजन? आमच्या दारी आलेल्या माणसाला आम्ही भार म्हणायचं? उद्या पानावर बसवताना काटा लावशील!"

"तसं नाही मावशी, एकशे बारा घेतला तर टेन्शन—"

"एकशे बारा घेतला म्हणजे काय झालं कळतंय का तुला? म्हणजे पाहुणे जड आहेत म्हणून घेतला. गावभर होईल. क्लेमेंट, एकशे चार घे."

केयूरने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. कुठल्याही निर्मळकराने तेच केलं असतं. पाहुणा जेवतो, राहतो, रुसतो, पण तो वजनात येत नाही. क्लेमेंटने एकशे चार नंबरचे दोन टायर मागे बसवून घेतले, केयूरने त्यात टणटणीत हवा भरली, आणि कागदावर "पाहुणे" या शब्दासमोर रेघ मारून ठेवली.

शनिवारी दुपारी चांदीपला क्रेनने विहीर उपटली. बुडाला चिकणमातीचं असं बूच बसलं होतं की थेंब सांडला नाही. झराही बरोबर आला. आतून त्याचा बुडबुड आवाज येत होता, मी कान लावून ऐकला. विहीर ट्रेलरवर उभी केली, दोरखंडांनी बांधली. बारा फूट उंच. कासवाने वर येऊन चौफेर बघितलं आणि परत खाली गेलं.

हौद्यात तेव्हा फक्त मर्सीबाय होती, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर तांब्या घेऊन. मी पुढे क्लेमेंटच्या शेजारी. गाडी लोण्यासारखी निघाली.

पण पाणी आणायला एरवी पायी जाणारे पाहुणे वाटेत ठिकठिकाणी थांबले होते. विहीर गाडीतून चाललीय म्हटल्यावर पायी कोण चालणार? पहिल्या वळणावर चौघी चढल्या. पुढे सात. फुलपाड्याला बँड चढला, ढोलवाला एल्रॉय सगळ्यांत शेवटी, आणि तो चढला तेव्हा आरशातलं आभाळ जरा वर गेलं. माझी बायको मथुरासुद्धा तिथेच चढली. सगळे मिळून बावीस. मर्सीबाय प्रत्येकाला हात देत होती, "या, या, भरपूर जागा आहे."

केयूर दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने मागच्या टायरकडे बघितलं आणि डोळ्यांवर हात ठेवला.

उड्डाणपुलाची चढण लागली आणि स्टिअरिंग हलकं झालं. क्लेमेंट म्हणाला, "काय मस्त वळतेय रे." मी खिडकीतून खाली बघितलं. मस्त वळणारच, पुढची चाकं हवेत होती. मागचे टायर बसून भाकरीसारखे पसरले होते आणि गाडीचं नाक हळूहळू वर चाललं होतं. पुलाच्या मध्यावर आम्ही थांबलो तेव्हा क्लेमेंट आणि मी पाठीवर पडून ढग बघत होतो. मागे बँड जोरात वाजत होता.

घड्याळात पाच वाजले होते. क्लेमेंट दार उघडून खाली लोंबकळला, सुटला, आणि मागे गेला. मी मागोमाग.

कुणाला उतरा म्हणायचं? ज्याला म्हणाल तो जड. क्लेमेंटने घसा साफ केला.

"कुणाला पाय मोकळे करायचेत का?"

"नाही, आम्ही ठीक आहोत," बावीसजण म्हणाले.

"इथून वारा काय छान येतो. चालत गेलं तर..."

"बसूनच छान लागतो," एल्रॉय म्हणाला.

तेवढ्यात जीनाचा फोन आला. क्लेमेंटने स्पीकर लावला. "पप्पा, कुठे आहात? डोक्यावर आंघोळीआधीचं नारळाचं दूध लावून बसवलंय मला. मानेवरून गळतंय. आता मुंग्या आल्यात."

"येतोच बाळा. पुलावर आहोत."

"पप्पा, सहाची घंटा झाली तर आत्या ओतेल का?"

आत्या खुर्चीवर होती. तिला ऐकू गेलं.

मी केयूरला फोन लावला, तोही स्पीकरवर. तो म्हणाला, "काका, टायर गुळगुळीत नाहीत म्हणून अजून फुटले नाहीत. पण आता एक खड्डा आला की संपलं. मागचं वजन कमी करा. किती आहे?"

"बावीस."

"बावीस काय? माणसांत नका सांगू, किलोत सांगा!"

हे स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. बँड थांबला. क्लॅरिनेटवाल्याने क्लॅरिनेट पुसायला घेतलं. माझी मथुरा पुलाखालच्या रेल्वेच्या रुळांकडे बघू लागली. मी क्लेमेंटला हळूच म्हणालो, "पाणी सोडून देऊ थोडं." त्याने विहिरीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. पोरीसाठी अख्खी विहीर उपटली त्या माणसाने, आणि ती पुलावर रिकामी करायची?

मग खुर्ची करकरली. मर्सीबाय उठली. शाळेत प्रार्थनेला उठायची तशी.

"ब्याण्णव," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"ब्याण्णव किलो. फोनवरच्या मुला, लिही. मर्सी, ब्याण्णव." आणि ती फळी धरून खाली उतरली, तांब्या न सांडता. गाडीचं नाक चार बोटं खाली आलं.

आम्ही बघतच राहिलो. त्या बाईने आयुष्यात स्वतःचं वय कुणाला सांगितलं नव्हतं.

"बघता काय?" तिने वर बघून विचारलं. "मी सांगितलं, आता तुम्हाला काय होतंय? एल्रॉय!"

"एकशे अठरा, मिस," एल्रॉय म्हणाला आणि उभा राहिला. "ढोल वेगळा."

तो उतरल्यावर नाक हातभर खाली आलं. मग धीर आला सगळ्यांना. "एकाहत्तर." "सदुसष्ट, पण आज जेवण जास्त झालंय." "अठ्ठावन्न," क्लॅरिनेटवाला म्हणाला, त्यावर त्याची बायको म्हणाली, "ते लग्नाच्या वेळी." तो चौसष्ट म्हणून उतरला. मथुरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौऱ्याहत्तर." अडतीस वर्षं मी एकसष्ट धरून चाललो होतो. केयूर फोनवर बेरीज करत होता, आणि प्रत्येकाला "थँक यू" म्हणत होता.

चौदा उतरले तेव्हा पुढची चाकं रस्त्याला टेकली. "बस बस, बाकीचे राहिले तरी चालेल," केयूर ओरडला. पण आता वर बसून राहणारा म्हणजे लपवणारा. उरलेल्या आठांनीही ओरडून ओरडून आकडे सांगितले आणि उड्या मारल्या.

टायर फुगून उभे राहिले. क्लेमेंटने गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. पुढे पिकअप, मागे विहीर, आणि विहिरीमागे बावीस माणसं पायी, बँड वाजवत. पाणी आणायला जसं जायला हवं तसंच ते चालले होते. चालता चालता लोक एकमेकांना आकडे विचारत होते. एका बाईने दुसरीला मिठी मारली, दोघीही एकोणऐंशी निघाल्या.

निर्मळला पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. आवारात विहीर खाली पुरायला वेळ नव्हता, आणि खाली पुरली असती तर मचूळच झाली असती. ती अंगणात उभीच ठेवली, मांडवापेक्षा उंच. नारळ काढायची शिडी लावली. मर्सीबाय स्वतः चढली. खाली शिडी धरायला सहाजण, आणि त्यातला एकही तोंडातल्या तोंडात हसला नाही. तिने दोर सोडला, कळशी भरली, तांब्यात पाणी ओतून घेतलं, एक घोट चाखला, मान डोलावली आणि उतरली.

जीना पाटावर बसली होती, मुंग्या झटकत. मर्सीबायने तिच्या डोक्यावर पहिलं पाणी ओतलं आणि नेमका तेव्हाच घंटेचा पहिला ठोका पडला. आधी पाणी की आधी ठोका, यावर गावात अजून दोन मतं आहेत. मी तिथे होतो. आधी पाणी.

"आत्या, केवढं गार आहे गं!" जीना किंचाळली आणि हसायला लागली. मर्सीबायने दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा. मग ओल्या हाताने भावाच्या गालावर एक थापटी मारली.

"क्लेमेंट," ती म्हणाली, "उद्या चर्चला जाताना मला पुढच्या सीटवर बसव, गाडीचं नाक खाली राहील. आता काय लपवायचंय?"