पुकाऱ्याचा गळा

जुन्या सामानाच्या लिलावात मी पुकारा करायचो. कपाटं, पलंग, पाळणे. कितीतरी वस्तूंना माझ्या गळ्यानं नवं घर मिळवून दिलं. मालकानं माईक आणला तेव्हा मी म्हणालो, "तो तुमच्यासाठी ठेवा." शेवटच्या रांगेत झोपलेला माणूसही माझ्या आवाजानं दचकून बोली लावायचा. हा तोरा मिरवता मिरवता स्वरतंतूंवर व्रण पडले आणि माझ्या तोंडून गंजलेल्या बिजागरीचं दार बोलू लागलं.

गळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या पोटाची थोडी चरबी काढू, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून स्वरतंतूंत टोचू. व्रण मऊ पडतील अशी आशा आहे. अजून प्रयोगच चाललाय, खात्री नाही."

पुन्हा पुकारता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो डॉक्टर, चरबी चढूनच तर ह्यांचा आवाज गेला. पुन्हा तीच घशात घालणार?"

मी हसलो. माझं हसणं ऐकून नर्सनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

टोचल्यावर बोलायची बंदी. बायकोनं संसारातली जुनी भांडणं एकेक बाहेर काढली आणि सगळी जिंकली.

पुढे बायकोला घेऊन आवाज तपासायला गेलो. उच्चार शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, अगदी हळू एक ते दहा म्हणा."

"एक," मी म्हणालो. आवाज कसा, नितळ, ओंजळीतल्या पाण्यासारखा. डोळे भरले आणि अक्कल गेली.

"एक वार! दोन वार! तीन वार!" मी टेबलावर हात आपटला. तिसऱ्या वाराला आवाज फाटला. मुलीचं पेन खाली पडलं. आणि पुढचा आकडा येईचना. एवढ्या पट्टीत तीनच्या पुढे मी जन्मात मोजलं नव्हतं.

"काका, पुकारायचं विसरा," ती हळूच म्हणाली. "बोलण्यापुरता गळा आलाय, तो जपा."

मी खाली बघत बसलो.

"चार," बायको म्हणाली.

"काय?"

"चार म्हणा. पोरगी खोळंबलीय."

"चार," मी म्हणालो. बाळ निजलेलं असताना बोलतात, तेवढ्याच आवाजात.

मी तोंड उघडलं की शेजारच्या खोलीत निघून जाणारी ही बाई. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"पाच," मी म्हणालो.