गवतातली कण्हेर

"हितं गवताचा भारा हुता. कुठं गेला?"

पाण्याची कळशी हातात तशीच धरून भिमाजीनं टपरीवरच्या रतनबाईला विचारलं.

"एक म्हातारी घिऊन गेली की. टेम्पोत दोन म्हशी हुत्या. घोडेगावच्या बाजाराला चालली हुती."

भिमाजीनं कळशी तिथंच खाली ठेवली. हायवेच्या दुभाजकावरची विषारी कण्हेर तो बारा वर्षं छाटत होता. गवत वेगळं, कण्हेर वेगळी, हा त्याचाच नेम. आज उन्हाच्या घाईत त्यानं दोन्ही एकाच भाऱ्यात बांधलं होतं.

तो बाजाराकडे चालत सुटला, मग पळायलाच लागला. वाटेत मुकादम जालिंदरचा फोन आला. भिमाजीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"तोंड उघडू नको. कुनी पाह्यलं न्हाई तुला."

"म्हशी मरतील, मुकादम."

"मग तुजं काम बी जाईल."

भिमाजीनं फोन खिशात टाकला.

बाजारात जिकडे पाहावं तिकडे म्हशीच. या दावणीवरून त्या दावणीवर तो वेड्यासारखा फिरला. कोण थांबून ऐकणार? शेवटी तो बाजाराच्या ऑफिसात घुसला आणि त्यानं माईकच मागितला.

"मी भिमाजी. हायवेवरची कण्हेर छाटतो. रस्त्यावरनं कुनी गवत उचललं आसंल तर जनावराला घालू नका. त्यात कण्हेर हाय. चूक माजी हाय."

स्वतःचाच आवाज त्याला कर्ण्यातून परका वाटला.

"आरं, घातलं की रं मी!" गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. तिचं नाव भागिरथी.

तिची थोरली म्हैस आडवी झाली होती. धाकटी उभी होती, पण तोंडातून लाळ गळत होती. बाजारातल्या गुरांच्या डॉक्टरांनी थोरलीच्या छातीला नळी लावली.

"ठोके चुकतायत. कण्हेरीतलं विष थेट हृदयावर जातं. याच जातीचं औषध माणसाच्या हृदयाला देतात, पण अगदी मोजून. हिनं पोटभर खाल्लंय."

त्यांनी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून दोघींना पाजली, इंजेक्शनं दिली. भिमाजीनं थोरलीच्या छातीवर तळहात ठेवला. एक ठोका. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन लागोपाठ. मग तेही नाही.

भागिरथीनं थोरलीच्या गळ्यातलं दावं सोडलं. ती रडली नाही.

"मावशी, शिव्या तरी द्या मला."

"गप बसला आसतास तर मला कळलं बी नसतं," ती म्हणाली. "ही दुसरी वाचंल का, येवढं बग."

"हिला अजिबात हलवू नका," डॉक्टर म्हणाले. "उन्हात ठेवू नका."

जवळपास झाड नव्हतं. बाजार उठला, टेम्पो निघून गेले. भिमाजीचा फोन दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही. आपली सावली धाकटीच्या तोंडावर पडेल असा तो उभा राहिला. ऊन सरकलं की तोही पाऊलभर सरकायचा.

दिवस कलताना म्हशीनं कान हलवला आणि खाली मान घालून पाण्याला तोंड लावलं. भागिरथी घमेलं धरून बसली होती. भिमाजी तसाच उभा होता.