पुस्तकातली नर्स

“नर्सनंच म्हाताऱ्याला मारलं असणार, हे मला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं,” मृणाल चहा ओतत म्हणाली. “औषधं तिच्या हातात. दुसरं कोण मारणार?”

सिंधुताईंनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही. कादंबरी त्यांनी सकाळी बोरसीच्या घरून कामावर येताना ऑटोतच संपवली होती आणि तेव्हापासून त्या धुमसत होत्या.

स्मृति नगरातल्या या घरात चार वर्षं त्या मृणालच्या सासूला, ठकूबाईंना सांभाळत होत्या. लकव्यानं ठकूबाईंची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मृणाल माहेरी नागपूरला गेली की रहस्यकथा घेऊन यायची. शहर हिंदी मुलखातलं; नवरा आणि मुलगी भूमिका हिंदीतच बोलायचे. घरात मराठी वाचणाऱ्या या दोघीच. आधी मृणाल वाचायची, मग सिंधुताई. दुपारी ठकूबाई झोपल्या की खुनी कोण, लेखकानं कुठं फसवलं, यावर दोघी चहा पीत वाद घालायच्या. तेवढा वेळ सिंधुताई डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसत. एरवी त्यांचं स्टूल ठकूबाईंच्या खोलीत.

लेखकानं त्या नर्सला आडनावसुद्धा दिलं नाही, असं सिंधुताईंचं म्हणणं होतं. ती येते, गोळी देते, जाते. कुठं जेवते, घरी कोण आहे, काही कळत नाही. म्हाताऱ्याच्या मुलांना बंगला हवा होता, डॉक्टर खोटं बोलत होता. मारायची कारणं त्यांच्याकडे होती. आणि शेवटच्या पानावर म्हणे नर्सला सेवेचा कंटाळा आला.

“येऊ शकतो ना कंटाळा,” मृणाल म्हणाली.

“कंटाळा तं पोरायले आला होता, मृणालताई. बीमार माणूस मेला, तं नर्सचं कामच जाते. ती कावून मारन?”

मृणाल हसली. पुस्तकच आहे ते, एवढं मनाला लावून घेऊ नका, म्हणाली. विषय तिथंच राहिला.

पुढच्या सोमवारी दुपारच्या गोळ्या काढायला सिंधुताईंनी उशाजवळचा ड्रॉवर उघडला, तर औषधांचा डबा नव्हता. त्या विचारायला गेल्या. मृणालनं आपल्या खोलीतलं कपाट किल्लीनं उघडलं, तेवढ्या वेळच्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि कपाट पुन्हा लावून टाकलं. भूमिका येता-जाता ड्रॉवर उघडते, म्हणून डबा आत ठेवला, असं तिनं सांगितलं. भूमिका कॉलेजात जाणारी मुलगी होती.

सिंधुताईंनी गोळ्या कुटल्या, पाण्यात कालवल्या, चमच्यानं भरवल्या. ठकूबाईंची हनुवटी पुसली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या पाठीला त्यांनी एक जखम होऊ दिली नव्हती. मृणालचा राग आला होताच, पण स्वतःचा जास्त आला. टेबलाशी बसून वाद घालतो म्हणजे आपण बरोबरीच्या, असं त्या धरून चालल्या होत्या.

चहाच्या वेळी मृणालनं नवं पुस्तक पुढं सरकवलं. सिंधुताई उभ्याच राहिल्या.

“डबा कावून हलवला?”

“सांगितलं ना, भूमिका...”

“पोरीचं नाव नका घेऊ. ते पुस्तक वाचलं, म्हणून हलवला.”

मृणालनं पुढं सरकवलेलं पुस्तक मागं ओढलं. “तुमच्यावर संशय नाही हो,” ती म्हणाली. “पण वाचल्यापासून सारखं मनात येतं. काय करू मी?”

“काही नका करू. उद्यापासून दुसरी बाई पाहा.”

मृणाल घाबरली. आई दुसऱ्या कोणाच्या हातानं खात नाहीत, डबा आत्ता परत ठेवते, असं म्हणत ती खरोखरच कपाटाकडे निघाली.

“राहू द्या,” सिंधुताई म्हणाल्या. “आता मी त्याले हात लावणार नाही. उद्या आजीले काही झालं, तं तुमाले पहिले मीच आठवन.”

त्या खोलीत गेल्या. ठकूबाईंना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, विरळ केसांची वेणी घातली. जाते म्हणून सांगायचं होतं. ठकूबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या, आणि ते जमलं नाही.

दारात त्यांनी चप्पल घातली, खांद्यावरची बॅग उतरवली आणि चेन उघडून मृणालपुढं धरली.

“पाहून घ्या.”

“सिंधुताई, असं नका करू.”

“पाहा.”

मृणालनं मान वळवली. समोरच्या घरची बाई स्कूटी लावता लावता थांबून पाहू लागली. सिंधुताई दोन्ही हातांनी बॅग उघडी धरून उभ्या राहिल्या, जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मृणालला आत पाहावंच लागलं. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, घडी घातलेला नॅपकिन.

सिंधुताईंनी चेन ओढली, बॅग खांद्याला लावली आणि कठड्याला हात न लावता पायऱ्या उतरल्या.