उजव्या चाकाची उटी

मी उटी बोलतेय. थंड हवेची नव्हे आणि देवाच्या अंगाला लावतात ती चंदनाचीही नव्हे. चढावर ट्रक थांबला की क्लीनर खाली उडी मारून चाकामागं दगड सारतो ना, त्याला उटी म्हणतात. तो दगड माझा गरीब चुलतभाऊ. मी बाभळीच्या गाभ्याची, पाचरीच्या आकाराची, चांगला लांब दांडा असलेली, महादेवाच्या रथाची उटी आहे. रथ ओढायला शे-दोनशे माणसं असतात, त्यांचे फोटो निघतात, मोबाईलवर फिरतात. रथ थांबवणाऱ्या आम्ही दोघीच. मी उजव्या चाकाची आणि माझी बहीण डाव्या चाकाची. आमचा फोटो अजून कुणी काढलेला नाही.

आमचं गाव उमरग्याच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. इथं माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत समजूत काढतात. ओढ्याच्या काठावरची एक जुनी बाभूळ वादळात पडली, तिच्या बुंध्यातून सुताराने आम्हा दोघी बहिणींना काढलं. तासताना तो म्हणाला होता, "ह्या बाभळीनं माझ्या दोन पटाश्या खाल्ल्या." मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. हट्टीपणा आमच्या जातीतच आहे, आणि आमच्या कामाला दुसरा गुण लागतही नाही.

उटी धरण्याचा मान महांतप्पांच्या घराचा, आणि वर्षभर आम्ही पडून असतो त्याही त्यांच्याच माळ्यावर. उजव्या बाजूला स्वतः महांतप्पा, डाव्या बाजूला त्यांचा पुतण्या बसवेश. रथाच्या पुढं पांढरं निशाण घेऊन गोरोबा चालतो. त्याने "उटी!" अशी हाळी दिली की दोर ओढणाऱ्यांनी दोर सैल सोडायचा आणि आम्ही चाकाखाली शिरायचं. सगळा रथ त्या एका हाळीवर चालतो.

आम्हाला घराबाहेर काढायची मात्र एक रीत आहे. चैत्रातल्या जत्रेच्या सकाळी पाच सवाष्णी आम्हाला पाटावर बसवतात, करडईचं तेल चोळून चोळून लावतात, वर हळद लावतात, ओवाळतात. त्याशिवाय पुरुषांनी आम्हाला हात लावायचा नाही. लग्नातल्या नवरीचे लाड होतील तसे आमचे लाड. महांतप्पांच्या पत्नी कस्तुराबाई या कामात इतक्या रंगायच्या की तेल आमच्या अंगातून निथळायचं. पूर्वी त्याने काही बिघडत नव्हतं. रथाची वाट मातीची होती. जमिनीवर ठेवलं की माती ते तेल पिऊन टाकायची आणि आमचे पाय रोवले जायचे.

मग वेशीपासून देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. गावाने पेढे वाटले. रस्ता गुळगुळीत झाला याचा आनंद सगळ्यांना झाला, मी सोडून.

गेल्या वर्षीची जत्रा मला आठवते आणि अजून माझे कान तापतात. रथापुढं डीजे होता. ते डबे इतके थोरले की त्यांच्या दणक्याने रथाच्या झालरी थरथरत होत्या. वेशीचा उतार लागला. गोरोबाने हाळी दिली असावी, कारण त्याचा जबडा उघडलेला मला दिसला. ऐकू कुणालाच आलं नाही. दोर ओढणारे ओढतच राहिले. महांतप्पांनी अंदाजाने मला चाकाखाली सारलं, आणि मी तेलात न्हालेली, सिमेंटवरून सुर्रकन घसरले. रथ पुढं सरकला. घाबरलेली गर्दी एकदम मागं हटली. त्या गर्दीत सहा वर्षांची शिवांजली होती, महांतप्पांची नात, त्यांच्या लेकीची म्हणजे सोनालीची पोर. ती खाली पडली आणि लोकांच्या पायांखाली आली. महांतप्पांनी मला पुन्हा खेचून पुन्हा सारलं, बसवेशच्या उटीने दुसऱ्या बाजूने दम धरला, तेव्हा कुठं चाक थांबलं. रथाने तिला शिवलंसुद्धा नाही, पण गर्दीने तिचा पाय मोडला. तिला उचलून उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. मी तिथंच सिमेंटवर आडवी पडून होते.

नंतर गावात नाना तर्क निघाले. कुणी म्हणालं, देव कोपला. कुणी म्हणालं, कुणाचा तरी विटाळ झाला. रणधीर नावाचा तरुण पोरगा, ज्याने डीजे आणला होता, तो पारावर बसून म्हणाला, "आप्पा थकले आता. हात कापतेत त्यांचे. दुसऱ्या कुनाला द्या मान." हे महांतप्पांच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून त्यांची मान खाली गेली ती गेलीच. मी माळ्यावरून बघायची. ते एकटे असले की स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून बघत बसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की आप्पा, तुमचा हात चुकला नाही, मी घसरले. पण लाकडाला वाचा कुठली?

सोनालीने तर शपथच घातली होती. "माझी लेक पुन्हा जत्रेत पाऊल टाकनार न्हाय." आणि ती एकटीच नव्हती. उमरग्याच्या, नळदुर्गाच्या, पलीकडच्या आळंदच्या लेकी माहेरी फोन करून हेच विचारत होत्या, की लेकरं घेऊन यावं का? ज्या जत्रेला लेकी आणि नातवंडं येत नाहीत ती जत्रा कसली? तो नुसता पुरुषांचा बाजार.

यंदा कस्तुराबाईंनीच लेकीला गळ घातली. सोनाली आली, पण अट घालून आली. पोरीने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. शिवांजलीचा पाय आता बरा होता, तरी ती खिडकीशीच बसून असायची. सकाळी देवळाकडून पिपाण्या वाजायला लागल्या तशी ती म्हणाली, "आज्जी, पाळना लई वर जातो का गं? इथून नुसता आवाजच येतो." कस्तुराबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात चार शेजारणी आल्या. पाचवी सोनाली. आम्हाला पाटावर बसवलं, तेल चोळलं, हळद लावली, ओवाळणी झाली. शेवटी आम्हाला उचलून घरधनिणीच्या ओटीत द्यायचं असतं. सोनालीने मला उचललं आणि मी तिच्या हातातून निसटले. घरात नवी फरशी घातलेली. मी पाटावरून जी निघाले ती घसरत घसरत थेट उंबऱ्यावर जाऊन आदळले.

"अगं बया! अपशकुन झाला!" एकीने तोंडावर हात घेतला.

कस्तुराबाई माझ्याजवळ आल्या. मला सरळ केलं, आणि मग त्यांनी जे केलं ते या घरात कधी कुणी केलं नसेल. त्यांनी माझ्यावर पाय ठेवला आणि पुढं रेटलं. मी घसरले. पुन्हा रेटलं, पुन्हा घसरले. बायकांनी डोळे मिटून घेतले. देवाच्या वस्तूला पाय! पण मला खरं सांगू का? उभ्या आयुष्यात मला इतका आनंद झाला नव्हता. कुणाला तरी कळत होतं.

"हे असंच झालं गेल्या वर्षी," कस्तुराबाई म्हणाल्या. "माती हुती तवर भागलं. आता शिमिटावर आपलं तेलच रथाला पुढं ढकलायलंय."

महांतप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला. "म्हंजी... माजा हात चुकला न्हाय?"

"न्हाय चुकला. तुमचा हात कंदी चुकला न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून थेट चुलीकडे गेल्या. राख आणली, विटकरीचा चुरा आणला आणि परसात बसून आम्हा दोघींना अशा घासायला लागल्या की माझी सालं निघाली. शेजारणी कुजबुजत होत्या. महांतप्पाही चाचरत म्हणाले, "आईच्या हयातीपसून तेल लावतेत. लोक काय म्हनतील?"

"लोकांला काय म्हनायचं ते म्हनू द्या. देवाला तेल पायजे आसंल तर समईत घालते, चाकाखाली न्हाय."

मग हलगी वाजत आली. जत्रा कमिटीचे अध्यक्ष रामकिसन, रणधीर, बसवेश, गोरोबा आणि मागं दहा-बारा जण, आम्हाला न्यायला. बघतात तो कस्तुराबाई उंबऱ्यात बसलेल्या, आम्ही दोघी त्यांच्या मांडीवर, कोरड्या ठणठणीत.

"काकू, उठा. मुहूर्त चाललाय," रामकिसन म्हणाले.

"उटते. आदी ऐका. रथ हलल्यापसून देवळात परत येईस्तवर डीजे बंद. वाटंला दोन्ही अंगानं दोर बांधायचा. बाया-लेकरं देवळाच्या वट्यावर बसतील, उतारावर कुनी हुबं राहनार न्हाय. हे व्हत आसंल तर उट्या घ्या."

रणधीर हसला. "काकू, डीजे नसला तर पोरं जमत न्हाईत."

"तुमची पोरं जमतेत, म्हनून आमची लेकरं घरात बसतेत."

रामकिसनना राग आला. जत्रेच्या तोंडावर बाईमाणसाने अडवलं, ते चार लोकांत. ते म्हणाले, "गेल्या वर्षी उटी घसरली, काकू. डीजे न्हवता घसरला."

महांतप्पांनी मान खाली घातली. ही बाई आता उटीची बाजू घेणार, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या. "उटी घसरली. आमच्या तेलानं घसरली. मला आज कळलं, आज धुतली. आमच्या घरची रीत हुती, ती म्या मोडली. आता तुमचं बोला. गोरोबा गेल्या वर्षी गळा फाडून वरडत हुता, ते तुमच्यातल्या कुनाला ऐकू आलं?"

रामकिसननी गोरोबाकडं बघितलं. गोरोबा चुळबुळला, आणि मग म्हणाला, "खरं बोलू का दादा? माजा आवाज मलाच ऐकू आला न्हाय."

"दुसऱ्या उट्या करून आनता येतेत," रणधीर पुटपुटला.

"आना की. पर ओवाळायला पाच सवाष्णी कुटून आननार?" कस्तुराबाईंनी हे विचारलं आणि मागं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. मघाशी अपशकुन म्हणणारी शेजारीणसुद्धा उठून त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. सोनाली तर दारातच होती, हातात हळदीची वाटी घेऊन.

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली. अखेर रामकिसननी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "रणधीर, डीजे माळावर ने. रथ देवळात आला की सांजच्याला वाजवा काय वाजवायचं ते. बसवेश, दोर बांधून घ्या." मग कस्तुराबाईंकडं वळून म्हणाले, "झालं का मनासारखं?"

"चाक थांबल्यावर सांगते," त्या म्हणाल्या.

महांतप्पांनी मला उचललं. माझ्या दांड्यावर त्यांनी दोन्ही हात घट्ट आवळले. निघताना मी ऐकलं, कस्तुराबाई लेकीला म्हणत होत्या, "आता तुज्या मनावर. मी जबरी करनार न्हाय." सोनालीने शिवांजलीच्या पायात चप्पल घातली.

रथ हलला. हर हर महादेवचा गजर झाला, लोकांनी रथावर केळी आणि खारका उधळल्या, आणि मी चाकाशेजारून निघाले. वेशीचा उतार आला, तो थेट देवळाच्या ओट्याखाली उतरतो. देवळाचा ओटा बायका-मुलांनी भरून गेला होता, दोराच्या आत चिटपाखरू नव्हतं. ओट्याच्या कडेला सोनाली पोरीला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते.

"उटी!"

काय ती हाळी! गोरोबाचा आवाज पार माळापर्यंत गेला असेल. दोर एकदम सैल पडला. महांतप्पांनी मला सारलं, तिकडून बसवेशने माझ्या बहिणीला सारलं. चाक माझ्यावर चढलं. आख्ख्या रथाचं वजन माझ्या पाठीवर आलं आणि माझ्या अंगातून कडाड असा आवाज झाला. मी सिमेंटला दात रोवले. तेलाचा थेंब नव्हता, विटकरीचा कोरडा भुगा तेवढा होता. मी म्हटलं, चिरफळ्या झाल्या तरी बेहत्तर, पण आज एक बोटसुद्धा सरकणार नाही. आणि नाही सरकले.

रथ थांबला. तेव्हा कुठं सोनालीने डोळे उघडले. शिवांजली तिच्या हातातून सुटून ओट्यावर उभी राहिली आणि तिने जोरात खारीक फेकली. ती रथाच्या आधी तिच्या आज्ज्याच्या पागोट्याला लागली. महांतप्पा वर बघून हसले. त्या हसण्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

त्या दिवशी पोरगी पाळण्यात बसली, पिपाणी घेतली, गारेगार खाऊन जीभ लाल करून घेतली. रात्री जेवताना सोनाली म्हणाली, "आई, पुढच्या वर्साला सासूबाईंना बी आनते." कस्तुराबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

माझ्या अंगाला मात्र उभी भेग गेली आहे. सुतार म्हणाला, नवी करू. महांतप्पा म्हणाले, लोखंडी पट्टी मार, अजून चालंल. आता पट्टी मारून मी माळ्यावर पडून आहे. कोरडी आहे, ठणकते आहे, पण शाबूत आहे. गावात अजून काही जण म्हणतात, तेल बंद केलं, देवाचं काही खरं नाही. म्हणू देत. मी त्या देवाचं वजन पाठीवर घेतलंय. तो रागावलेला असता तर मला कळलं असतं.

तुम्ही विचाराल, जत्रेला लेकरं घेऊन यावं का? या. जरूर या. पण आधी तुमच्या गावच्या कमिटीला विचारा, की हाळी ऐकू येते का, दोर बांधलाय का, उटी कोरडी आहे का. विचारायला लाजू नका, देवाचं काम अडवता म्हणून कुणी डोळे वटारले तर उंबऱ्यात बसून राहा. आणि उत्तर नीट मिळालं की पोरांना ओट्यावर बसवा, त्यांच्या हातात खारका द्या, पोटभर हसू द्या. चाकाचं मी बघते.