सिनेमातला बर्फ

गुडघ्यावरचा तो पांढरट पट्टा अजून पुरेसा जुना दिसत नव्हता. रंजनानं पॉलिश पेपरचा तुकडा उलटून घेतला आणि पुन्हा घासायला लागली — जीन्स कोरी करकरीत, अजून धुलाईलाही गेलेली नाही, आणि तरी कुणीतरी चार वर्षं अंगावर वागवल्यासारखी दिसली पाहिजे. "और मार, अभी नया लगता है," शेठ मागून जाता जाता म्हणाला. उल्हासनगरच्या ह्या गाळ्यात इतकी वर्षं काढल्यावर तिला एक खोडच जडली होती. झिजलेली वस्तू दिसली की ही खरंच झिजलीय की कुणी झिजवलीय, हे आधी मनात यायचं. गेल्या आठवड्यात थिएटरातही तेच झालं. पडद्यावर सैनिक मरत होते आणि ही त्यांच्या पँटींचे गुडघे बघत बसली होती.

किर्तीनं, त्यांच्या मुलीनं, हट्टानं नेलं होतं दोघांना, रंजनाला आणि तिच्या नवऱ्याला, आनंदाला. "बाबा, गाणी नाहीत, भाषणबाजी नाही. एक सीन तर कटच नाहीये, कॅमेरा नुसता त्यांच्या मागून चालत राहतो!" पोरीचं खोटं नव्हतं. गोळा फुटला आणि आवाजच गेला — कानात नुसती बारीक शिट्टी, माणसं तोंडं उघडतायत, ऐकू काहीच येत नाही — तेव्हा आनंदानं रंजनाचं मनगट गच्च धरलं आणि म्हणाला, "अस्संच होतं. अगदी अस्संच." फौजेतून आल्यापासून ह्या माणसानं शुद्धीत लढाईबद्दल घरात अवाक्षर काढलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, रंजनाच्या मनात आलं, मला त्या सिनेमाचा हेवा वाटला. मी ह्याच्याबरोबर अख्खा संसार केला, गोडीनं विचारलं, रागावून विचारलं, शेवटी विचारणंच सोडून दिलं… आणि ह्याचं तोंड उघडलं ते ह्या तिकिटाच्या खेळानं.

पण त्या सिनेमात कुणाचं नाक वाहत नव्हतं. एवढ्या थंडीत! कुणाचं पोट बिघडत नव्हतं, कुणी कंटाळत नव्हतं. मरणारा प्रत्येक जण उजेडाकडे तोंड करूनच पडत होता, आणि रक्तसुद्धा बर्फावर असं सांडत होतं की कुणी बसून रांगोळी घातली असावी. शत्रूंना तर चेहरेच नव्हते. एक बायको होती, ती केस मोकळे सोडून डोंगराकडे बघत उभी… तिच्या घरी धुणंभांडी नसावीत. आणि शेवटाकडे नायकाच्या मांडीवर त्याचा मित्र मरतो, वरून बर्फ सावकाश, फार सावकाश पडत असतो, आणि मित्र म्हणतो, "आईला सांग…" किर्ती हुंदके देऊन रडली. रंजनाही रडली, आणि रडता रडता स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवसापासून आनंदा बोलायला लागला. किर्तीशी, शेजाऱ्यांशी, ज्या सोसायटीच्या गेटवर तो सिक्युरिटीला होता तिथल्या लोकांशी. बोलण्यात गोमा आला — बारवीकडच्या पाड्यावरचा, फौजेत ह्याच्याच कंपनीतला, तिकडेच राहिलेला. गोमा माझ्या मांडीवर गेला. बर्फ पडत होता. आईला सांग, म्हणाला… रंजना भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. बर्फ?

कारण आनंदानं हे तिला एकदा, एकदाच सांगितलं होतं. परत आला त्या वर्षी, तापाच्या ग्लानीत. उन्हाळा होता, बर्फ राहिला होता तो लांब शिखरांवर, खाली नुसता धुरळा. गोमा दगडामागं परसाकडे गेला, ह्यानं त्यावरून त्याची टिंगल केली, आणि गोळा नेमका तिकडेच पडला. धुरळा खाली बसेपर्यंत सगळं संपलेलं. मांडी नाही, निरोप नाही. ताप उतरल्यावर त्यानं विचारलं होतं, "मी काही बडबडलो का?" ती नाही म्हणाली होती. तेव्हापासून ते तिच्याजवळच होतं, शब्दन् शब्द — नवऱ्याचं दुसरं कुणालाच ठाऊक नसलेलं असं तिच्याकडे एवढंच तर होतं.

आणि आज त्यानं गोमाच्या आईला, ठमीमावशीला, घरी बोलावलं होतं. इतकी वर्षं तिच्या पाड्याकडची वाट टाळली आणि परवा आपण होऊन गेला : मावशी, या, सगळं सांगतो. रंजना अर्धी सुट्टी टाकून रिक्षात बसली खरी, पण घरी जाऊन करायचं काय ते ठरेना. त्या माउलीला सिनेमा ऐकवू द्यायचा? की मध्ये पडून दगडाचं सांगायचं? आणि सगळ्यात वाईट हे, की तो जाणूनबुजून खोटं बोलतोय की त्याला आता तसंच आठवतंय, हेच तिला कळत नव्हतं. लबाडी असती तर तिनं त्याला धारेवर धरलं असतं.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या खोलीत ठमीमावशी खुर्ची सोडून भिंतीला टेकून खाली बसली होती. आनंदा सांगत होता, हळू, थांबत थांबत… नायक बोलायचा तसाच. रंजना दारात उभी राहून एकेक वाक्य तपासायला लागली. मांडी, सिनेमातली. बर्फ, सिनेमातला. कानातली शिट्टी… ती खरी असेल.

"डाव्या बुटाची नाडी सुटली होती त्याची, मावशी. मी ती बांधत बसलो. का, कुणास ठाऊक."

नाडी? नाडी सिनेमात नव्हती. तापातल्या बडबडीतही नव्हती. मग ही आली कुठून?

ठमीमावशीचे डोळे कोरडे होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, बर्फाचं, निरोपाचं, आणि मग विचारलं, "त्याच्या तोंडात पानी घातलं का रं कुनी?"

 एवढ्या मोठ्या सिनेमात मरणाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आनंदानं ठमीमावशीकडे नाही, रंजनाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत लबाडी नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो शोधत होता, आणि सापडत नव्हतं. तिला त्याची भयंकर दया आली.

"घातलं," रंजना म्हणाली. "ह्यांनीच घातलं, मावशी. मला तेव्हाच सांगितलं होतं ह्यांनी."

ठमीमावशीनं मान हलवली. पदर डोळ्यांशी नेला. "मंग बरा गेला," ती म्हणाली. "तानेला नाय गेला माजा पोर."

"हो… घातलं होतं," आनंदा हळूच म्हणाला. "बाटलीत थोडंच उरलं होतं. गार होतं फार."

 हे आत्ता माझ्याकडून उचललं ह्यानं, की…? रंजना घाईघाईनं ते तापातलं बोलणं आठवायला गेली. दगड आठवला, धुरळा आठवला, टिंगल केली होती एवढंही आठवलं. पण त्यानं ते कुठल्या शब्दांत सांगितलं होतं, त्याच्याआधी काय, नंतर काय, ते काही केल्या सापडेना. ठमीमावशी आता निवांत रडत होती. आणि रंजनाला वाटायला लागलं, पाण्याचंही तो त्या दिवशी बोलला असेल. असेलच बोलला. नाहीतर माझ्या तोंडी ते इतकं पटकन आलं कसं?